आमची वाटचाल: तपकिरी सोन्याचा धंदा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सोनं येतं, पण दागिना एकही घडत नाही. आम्ही सच्छिद्र सोन्याचे इलेक्ट्रोड, म्हणजे वीज वाहून नेणारे तुकडे, बनवतो. जैवसंवेदकांवर, म्हणजे एन्झाइमसारख्या जैविक घटकाच्या मदतीनं एखादा पदार्थ ओळखणाऱ्या उपकरणांवर, काम करणाऱ्या प्रयोगशाळा ते घेतात.

मूळचे आम्ही कस काढणारे, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासणारे. सोन्यात अडीच-तीनपट चांदी मिसळायची, पत्रा लाटून गुंडाळायचा आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचा. चांदी विरघळते, मागे तपकिरी, ठिसूळ गुंडाळी उरते. भट्टीत घातली की ती आक्रसून पिवळी होते, मग वजन करायचं. आमचा मतलब त्या वजनाशी. तपकिरी टप्प्याकडे कोण बघतो!

खरी गंमत तिथेच आहे. चांदी निघून जाताना उरलेले सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकत एकमेकांना बिलगतात आणि काही नॅनोमीटर रुंदीच्या वाटांची जाळी होते. 2001 साली अर्लेबाकर या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हे कोडं उलगडलं. ग्लुकोज ऑक्सिडेजसारखं, ग्लुकोज ओळखायला वापरतात ते एन्झाइम या वाटांत बसू शकतं. शिवाय रक्तातली मोठी प्रथिनं बरीचशी तोंडाशीच अडतात, लहान रेणू आत जातात. त्यामुळे सपाट सोन्यासारखा हा इलेक्ट्रोड लगेच बुजत नाही.

आमच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न भावाचा नसतो, खऱ्या, म्हणजे आतल्या भोकांसकटच्या, क्षेत्रफळाचा असतो. ते मोजायला आम्ही जुना पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडवरचा विभव (व्होल्टेज) ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र, घेतला. सल्फ्युरिक आम्लात विभव वर-खाली फिरवायचा आणि सोन्यावरचा ऑक्साइड उतरताना किती विद्युतभार वाहिला, ते पाहायचं. सपाट सोन्याला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 390 मायक्रोकूलोंब धरतात. त्यावरून आमचा पत्रा कितीपट निघाला ते कळतं. प्रत्येक घाण्याबरोबर, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाबरोबर, हा आकडा लिहून देतो. वाळवताना उष्णता थोडी जास्त झाली तरी भोकं मोठी होतात आणि आकडा घसरतो, म्हणून ओव्हनला आमच्याशिवाय कोणी हात लावत नाही.

तेजाबाचा धूर शोषायला स्क्रबर, म्हणजे धूर धुऊन काढणारं यंत्र, लागतो, तो खर्च नवख्यांना दिसत नाही. विरघळलेली चांदी मात्र मिठाच्या पाण्यानं खाली बसवून परत मिळवतो. विद्यापीठांची बिलं मार्चअखेरीशिवाय निघत नाहीत, हे गृहीत धरूनच भाव सांगतो.

सध्या काचपट्टीवरच्या थराचं काम चालू आहे. चांदी गेली की थर आक्रसतो, तडकतो आणि काचेपासून सुटतो. खाली टायटॅनियमचा पातळ थर, त्यावर शुद्ध सोनं आणि मग सोन्या-चांदीचा मिश्रधातू, असा क्रम लावल्यावर तो बराच धरून राहतो. तडे अजून पूर्ण थांबलेले नाहीत, त्यामुळे पट्टीची ऑर्डर घेताना फक्त नमुन्यापुरतीच घेतो.