सव्वाबारा एममध्ये मावणारी नावं

खान्देशातली लग्नपत्रिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट सांगते. आमच्याकडे पत्रिकेत वधू-वरांची नावं मोठ्या अक्षरात असतात हे खरं, पण घरातली माणसं पत्रिका हातात आल्या आल्या ती उलटतात आणि निमंत्रकांची यादी वाचतात. चुलते, चुलत चुलते, मामा, मावसे, आत्येभाऊ, गावातले मानकरी. साठ-सत्तर नावं, तीन रकान्यांत. एखादं नाव सुटलं, नाहीतर भलत्याच्या खाली गेलं, तर त्याची आठवण पुढच्या तीन लग्नांपर्यंत निघत राहते.

आमचं अमळनेरला लहानसं डीटीपीचं दुकान आहे. आप्पा मुळात जुळारी. ट्रेडल मशीन होतं तेव्हा खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे, हातात स्टिक धरून. देवनागरीच्या केसला, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीला, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण असतात, आणि कोणत्या खणात कोणता जोडखिळा हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. पुढे कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, पण आप्पांची मापं एममध्येच राहिली. त्यांचा एक एम म्हणजे बारा पॉइंट, इंचाचा सहावा भाग. निमंत्रकांचा एक रकाना आम्ही ५२ मिलिमीटरचा ठेवतो. आप्पा त्याला 'सव्वाबारा एम' म्हणतात.

मी जळगावला प्रोग्रामर म्हणून नोकरी करते. शनिवारी सुरत लाइनच्या गाडीने घरी येते. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी घरी आले तर आप्पा भर दुपारी, कूलर लावून, एकेक नाव निवडून त्याचा पॉइंट कमी-जास्त करत बसलेले. नाव रकान्याबाहेर गेलं की १२ चं ११, तरी बसलं नाही तर साडेदहा. एका पत्रिकेला दीड-दोन तास. असल्या नऊ पत्रिका रांगेत होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते त्यांच्या. मी म्हटलं, आप्पा, हे मोजमाप फाइलमध्ये लिहिलेलं असतं, मी वाचून देते.

आमचा मराठी फॉन्ट युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या जमान्यातला, अॅडोबी कंपनीच्या जुन्या टाइप-१ प्रकारचा. त्याच्या सीडीत अक्षरांच्या आकारांच्या फाइलशेजारी एक एएफएम फाइल होती. एएफएम म्हणजे अॅडोबी फॉन्ट मेट्रिक्स. अॅडोबीने टाइप-१ फॉन्टचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. पण एएफएम ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते, आणि आजही जशीच्या तशी वाचता येते. मला या फाइलबद्दल मनापासून आदर वाटतो. तिच्यात अक्षराचं चित्र नसतं, फक्त माप असतं, आणि ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं असतं.

सुरुवातीला 'स्टार्टफॉन्टमेट्रिक्स' आणि आवृत्तीचा आकडा. मग फॉन्टचं नाव, जाडी, तिरकेपणा, सगळ्या अक्षरांना कवेत घेणारी चौकट. त्यानंतर 'स्टार्टचारमेट्रिक्स' आणि किती अक्षरं आहेत तो आकडा. मग एका अक्षराला एक ओळ. ओळीत अर्धविरामांनी वेगळे केलेले तुकडे: 'सी' म्हणजे अक्षराचा क्रमांक, 'डब्ल्यूएक्स' म्हणजे रुंदी, 'एन' म्हणजे नाव, 'बी' म्हणजे त्या अक्षराच्या शाईची चौकट, डावी, खालची, उजवी, वरची कड. रुंदी असते पॉइंट साइझच्या हजाराव्या भागात. हेल्वेटिका या इंग्रजी फॉन्टच्या फाइलमध्ये कॅपिटल ए ६६७ आहे, छोटा एल २२२, मोकळी जागा २७८. कुरिअर या फॉन्टमध्ये सगळीच ६००. बस, बेरीज करा, पॉइंटने गुणा, हजाराने भागा.

एक नाव घेऊन सांगते. निमंत्रकांपैकी एका नावाची बेरीज आली १३,०९०. बारा पॉइंटला ते होतं १५७ पॉइंट, म्हणजे ५५.४ मिलिमीटर. रकाना ५२ चा, तेव्हा नाव बाहेर. अकरा पॉइंटला १४४ पॉइंट, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. बसलं. आप्पांना डोळे ताणून जे दोन मिनिटांत कळायचं ते असं एका गुणाकारात कळतं.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत वाचक, म्हणजे ही फाइल वाचणारा प्रोग्राम, लिहायला तासही लागला नाही. ओळ घ्यायची, अर्धविरामावर तोडायची, प्रत्येक तुकड्यातला पहिला शब्द ही किल्ली, पुढचं सगळं मूल्य. तुकडे ठरावीक क्रमानेच येतील असं धरून चालायचं नाही, कारण काही अक्षरांच्या ओळीत जोडाक्षरांसाठी 'एल'चे जादा तुकडे असतात. हेल्वेटिकात छोट्या एफच्या ओळीत असे दोन आहेत. पहिल्याच झटक्याला फाइल उघडेना, कारण हक्कसूचनेच्या ओळीत कॉपीराइटचं चिन्ह एकाच बाइटमध्ये, १६९ म्हणून बसलेलं होतं आणि पायथन ते यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडची बाइट-पद्धत, समजून वाचत होता. एका अक्षराला एक बाइट देणाऱ्या जुन्या लॅटिन-१ पद्धतीची म्हणून उघडली, झालं.

खरा घोळ पुढे झाला. पहिली यादी लावून मी प्रिंट काढला आणि आप्पांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि एका नावावर बोट ठेवून अहिराणीत विचारलं,

"हाई नाव काबर बारीक करं?"

मी म्हटलं, मावत नाही आप्पा, हिशेब तसा आहे. ते म्हणाले, "मावस. डोयाले दिसस ना." आणि पितळी एम-स्केल काढून नावावर ठेवली. नाव रकान्याच्या आत, उजवीकडे चांगली पाच मिलिमीटर जागा मोकळी.

पाच मिलिमीटर म्हणजे थोडंथोडकं नाही. मी त्या नावाचं एकेक अक्षर छापून बेरीज पाहिली. नावात मात्रा, अनुस्वार, रफार, उकार मिळून पाच खुणा होत्या. जुन्या मराठी फॉन्टमध्ये या खुणा कशा बसवतात ते पाहण्यासारखं आहे. अनुस्वाराच्या ओळीत रुंदी ० आणि शाईच्या चौकटीच्या डाव्या-उजव्या दोन्ही कडा उणे. म्हणजे खूण उमटते मागच्या अक्षराच्या डोक्यावर, आणि पुढचं अक्षर जिथे सुरू व्हायचं तिथेच होतं. शून्य हे इथे नेमकं, विचार करून लिहिलेलं माप आहे. मी मात्र प्रोग्राममध्ये लिहिलं होतं: रुंदी सापडली तर ती घे, 'नाहीतर' २५० धर. पायथनच्या त्या 'नाहीतर'ला शून्य आणि 'काहीच नाही' हे दोन्ही सारखेच. प्रत्येक मात्रेला २५० लागत गेले. पाच खुणांचे १,२५०, बारा पॉइंटला बरोबर १५ पॉइंट, म्हणजे ५.३ मिलिमीटर. आप्पांच्या स्केलवर दिसलेली जागा हीच.

ती ओळ बदलली. अक्षर फाइलमध्ये नसेल तर आता प्रोग्राम थांबतो आणि क्रमांक सांगतो. अंदाजाने काही भरत नाही. मापाच्या कामात गुपचूप भरलेला आकडा फार वाईट. तो चुकला तरी ओरडत नाही.

तरीही 'ज्ञानेश्वर', 'दत्तात्रय' अशी नावं चुकतच होती, 'रमण', 'कमल' अचूक. हे सापडायला मला पूर्ण रविवार लागला. एएफएममधला 'सी' हा क्रमांक फाइलच्या वरती जी संकेतप्रणाली, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर याचा तक्ता, लिहिलेली असते तिच्यातला असतो. आमच्या फाइलमध्ये 'अॅडोबीस्टँडर्डएन्कोडिंग' असं लिहिलेलं. त्या प्रणालीत फक्त १४९ अक्षरांना क्रमांक आहेत. बाकीच्यांपुढे सरळ उणे १ असतं. हेल्वेटिकाच्याच मोठ्या फाइलमध्ये ३१५ अक्षरं आहेत, त्यांतली १६६ उणे एकवाली. पण आमचा मजकूर विंडोजवर टाइप केलेला. विंडोजच्या लेखी १९६ म्हणजे डोक्यावर दोन ठिपके असलेला कॅपिटल ए. अॅडोबीच्या प्रणालीत १९६ म्हणजे नागमोडी टिल्ड. आमच्या फॉन्टने त्या ठिपकेवाल्या एच्या घरात मराठी जोडाक्षर बसवलेलं, आणि मी त्याला टिल्डच्या घरातल्या चिन्हाची रुंदी लावत होते. साधी अक्षरं १२८ च्या खालची, तिथे दोन्ही प्रणाल्या जवळपास सारख्या, म्हणून ती बरोबर येत होती. जोडाक्षरं वरच्या घरांत, म्हणून ती चुकत होती. भरीला, मी क्रमांकाला किल्ली केल्यामुळे सगळी उणे एकवाली अक्षरं एकमेकांवर लिहिली जाऊन शेवटचं एकच उरत होतं.

उपाय असा की क्रमांकावरून आधी विंडोजच्या तक्त्यात नाव शोधायचं आणि त्या नावावरून एएफएममधली रुंदी घ्यायची. नाव असतं ठिपकेवाल्या एचं, चित्र असतं ज्ञ चं, पण त्याने काही बिघडत नाही. फाइलच्या दृष्टीने नाव ही फक्त पाटी आहे.

यानंतरची यादी आप्पांनी स्केल लावून तपासली. सत्तरपैकी सत्तर जागच्या जागी. काही नावांत स्केल आणि प्रोग्राम यांत केसभर फरक येत होता, त्याचंही कारण मजेचं निघालं. आप्पांची पितळी स्केल खिळ्यांच्या काळातली, इंचाला ७२.२७ पॉइंटची, कॉम्प्युटरचा पॉइंट इंचाला नेमका ७२. आमच्या रकान्यात तो फरक ०.२ मिलिमीटरचा. आप्पा हे ऐकून बराच वेळ स्केलकडे बघत राहिले. चाळीस वर्षं हातात असलेल्या वस्तूची नवी माहिती मिळाली होती त्यांना.

एका बाबतीत मात्र त्यांनी प्रोग्राम मानला नाही. वधूच्या आजोबांचं नाव लांबलचक, 'ह.भ.प.'सकट. प्रोग्रामने ते साडेदहाला आणलं. आप्पा म्हणाले, "मोठा मानूसनं नाव कोन्ही बारीक करस का?" आणि ते बारालाच ठेवून आडनाव खालच्या ओळीत घेतलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, मी तसाच नियम घातला. आता यादीत ज्या नावापुढे चांदणी असेल त्याचा पॉइंट हलत नाही, ओळ तुटते, आणि तुटते ती आडनावाच्या आधीच. मधल्या नावाच्या आधी तोडलेलं नाव वाचायला विचित्र वाटतं, हेही आप्पांनीच सांगितलं.

नऊ पत्रिका आखाजीच्या आठ दिवस आधी छपाईच्या प्लेटला गेल्या.

गेल्या शनिवारी नवीन काम आलं. मुलाकडचे पारोळ्याचे, पण दोन पिढ्या सुरतेत. त्यांना निम्म्या पत्रिका गुजरातीत हव्यात, आणि नावं मोबाइलवरून गुजराती युनिकोडमध्ये आली आहेत. तिथे एएफएम नाही. ट्रूटाइप फॉन्ट आहे, बाइनरी, मोठा बाइट आधी. त्यात 'हेड' तक्त्यातून एका एमचे (इथे एम म्हणजे बारा पॉइंट नव्हे, अक्षराची पॉइंट साइझ) किती भाग ते घ्यायचं, 'एचएचईए'मधून किती अक्षरांची मापं दिली आहेत ते, आणि 'एचएमटीएक्स'मधून रुंदी. मापं दिलेल्यांपेक्षा अक्षरं जास्त असतील तर उरलेल्या सगळ्यांना शेवटचीच रुंदी लागू होते. हे ठाऊक नसलं तर वाचक फाइलच्या टोकाबाहेर जातो.

पण इथे सरळ बेरीज चालत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात तशीच, तुकड्यातुकड्याने लिहिलेली असतात, म्हणून बेरीज खरी येते. युनिकोडमध्ये 'श्री' हे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार संकेत. कागदावर उमटतात बहुधा दोनच आकार. आधी हार्फबझसारख्या जुळणी करणाऱ्या प्रोग्रामकडे मजकूर द्यावा लागतो, तो आकार निवडून क्रम लावून देतो, आणि मग त्या आकारांची रुंदी मोजायची. जुळाऱ्याचंच काम, खण शोधून खिळा उचलायचं.

आप्पांना गुजराती वाचता येतं. वर रेघ नसल्यामुळे नाव कुठे संपलं ते नजरेला चटकन कळत नाही, असं ते म्हणाले. पहिला प्रिंट त्यांच्यासमोर ठेवलाय. ते स्केल घेऊन बसलेत, तिसऱ्या नावावर थांबलेत, आणि मी अनुस्वाराची रुंदी पुन्हा एकदा तपासून घेते आहे.