बाईंची सुतळी आणि ०.५ टक्क्यांची चिठ्ठी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत बाकीचे सगळे स्नेहसंमेलन, सहल आणि खाल्लेला मार यावर लिहिणार हे माहितीये, म्हणून मी गणिताच्या बाईंच्या सुतळीवर लिहितोय.

व्यवहारी अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि शेकडेवारी हे पुस्तकात तीन वेगळे धडे असतात आणि पोरंही ते तीन वेगळे विषय असल्यासारखेच शिकतात, टक्के काढायचे तर शंभरने गुणा, चिन्ह दोन घरं उजवीकडे सरकवा, झालं काम. बाईंनी ही दोन घरांची भानगड सुरुवातीला तोंडातून काढलीच नाही. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली, डावीकडे ०, उजवीकडे १, आणि एक डबाभर चिठ्ठ्या नि कपड्यांचे चिमटे. चिठ्ठीवर कुठे ३/५, कुठे ०.६, कुठे ६०%. आकडेमोड न करता आधी अंदाजाने लावायची, मग कारण सांगायचं, आणि किंमत सारखी निघाली तर चिठ्ठ्या एकाखाली एक लटकवायच्या.

आमच्यातल्या एकाने ०.१२५ ची चिठ्ठी ०.५ च्या पुढे नेऊन लावली, १२५ मोठे ना पाचापेक्षा! वर्गातल्या निम्म्यांना ते पटलंही. बाई काही बोलल्या नाहीत. सुतळीएवढी कागदाची पट्टी काढली, एका मुलीला म्हणाल्या निम्मी कर, परत निम्मी, परत निम्मी. १/८. ती घडी शून्यापासून धरली तर पावाच्याही अलीकडे संपली, तिथे चिमटा. मग फळ्यावर १ भागिले ८, उत्तर ०.१२५, आणि त्या पोराने स्वतःच आपली चिठ्ठी काढून १/८ च्या खाली आणून लावली, त्याखाली १२.५%. यानंतर दशांश चिन्हापुढचे आकडे जास्त म्हणजे संख्या मोठी असं आमच्या वर्गात कोणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

खरी मजा ०.५% ची. जवळजवळ सगळ्यांनी मधोमध बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "मधे तर ५०% बसलाय, याला कुठे बसवू?" अर्धा टक्का म्हणजे शंभरातला अर्धा, दोनशेतला एक, ०.००५, म्हणजे शून्याच्या चिमट्याला जवळपास चिकटूनच, चिमटा लावायलाही जागा उरेना. आणि १५०% आलं तेव्हा सुतळीच संपली, मग दुसरी जोडून पार खिडकीच्या गजापर्यंत नेली. (बाजूच्या तुकडीचं तोवर व्याजसुद्धा सुरू झालं होतं, आमच्या पालकांनी त्यावरून कुरकुर केली होती म्हणे.)

१/३ ला मात्र दशांशाच्या चिठ्ठ्या पुरल्या नाहीत. ०.३ लावा, ०.३३ लावा, ०.३३३ लावा, जागा काही गाठत नाही, भागाकार संपतच नाही. मग बाईंनी २ ते २० सगळे छेद भागायला दिले आणि कुठले थांबतात ते शोधा म्हणाल्या. थांबले २, ४, ५, ८, १०, १६, २०. दहा म्हणजे २ गुणिले ५, त्यामुळे छेदात फक्त २ आणि ५ चेच अवयव असतील तरच त्याचे १०, १००, १००० असे काही करता येतात, ३ किंवा ७ घुसला की आवर्ती, म्हणजे तेच आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात. पण ३/१२ थांबतो बरं का, कारण तो मुळात १/४ आहे, आधी संक्षेप करून बघा हे त्यांनी आम्हाला अडकू देऊनच शिकवलं. आणि १/७ चं १४२८५७ येतं, २/७ चं २८५७१४, तेच आकडे त्याच फेऱ्यात फक्त सुरुवात दुसरीकडून, हे दिसल्यावर मधली सुट्टी झाली तरी कोणी उठेना.

एका बाबतीत माझं बाईंशी आजही पटत नाही. नेहमीच्या अपूर्णांकांचा तक्ता त्यांनी पाठ करू दिला नाही, "जागा माहीत असली की आकडा येतो" म्हणायच्या. मला वाटतं समजल्यानंतर १/८, ३/८, १/६, १/२० यांचे टक्के तोंडावर असायलाच हवेत, ३/८ म्हटलं की ३७.५ यायला पाहिजे, दर वेळी कुठे पट्टी दुमडत बसणार. महोत्सवाला बाई आल्या तर हे भांडण मी काढणार आहे, आणि त्या मला ०.५% ची चिठ्ठी देऊन उभं करतील याची तयारी ठेवून काढणार आहे.