टाइलवरचा जांभळा थेंब

गोव्यात वाळपईच्या पलीकडच्या एका ब्रीडर फार्मवर गेलो होतो. उबवणीची अंडी आखातात जाणार होती, त्याआधीची तपासणी. गेटवर गाडीची चाकं धुतली, आंघोळ करून फार्मचेच कपडे आणि गमबूट चढवले, शेडच्या दाराशी पुन्हा फूटबाथ. आपल्याकडच्या दमट हवेत कोल्डरूममधून काढलेल्या अंड्यांना घाम फुटतो आणि त्या ओलाव्याबरोबर जंतू कवचाच्या छिद्रांतून आत शिरतात. इथे अंडी आधी मधल्या खोलीत ठेवून मगच बाहेर काढत होते. एवढी काळजी मी फार कमी ठिकाणी पाहिलीय.

उरली पुलोरमची, म्हणजे कोंबड्यांच्या एका जिवाणूजन्य आजाराची चाचणी. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब पांढऱ्या टाइलवर घ्यायचा, त्यात जांभळं अँटिजेन, म्हणजे त्याच आजाराच्या मेलेल्या जंतूंचं रंगवलेलं द्रावण, मिसळायचं आणि टाइल हलवत दोन मिनिटं बघायचं. थेंबामागून थेंब एकसारखे राहिले. मग एकात बारीक दाणे दिसले, कडेला गोळा झाले, मधलं पाणी नितळ झालं: लागण असल्याची खूण. कोंबडी मात्र ठणठणीत, तुरा लालभडक.

"दोतोर, तेवढी एक बाजूला काढूया. बाकीच्यांत काय खोट?" मालक म्हणाले.

खोट अंड्याच्या आत असते. पुलोरमचा जंतू, हा साल्मोनेला, अंडाशयात दडतो आणि बलकाबरोबर पिल्लात उतरतो. फॉर्मलिनची धुरी कवचापुरती. म्हणूनच अंडी पुलोरममुक्त कळपाचीच हवीत, हा जागतिक पशुआरोग्य संघटनेचा नियम. पण दुसऱ्या जातीच्या साल्मोनेलामुळेही थेंबात दाणे धरू शकतात, तेव्हा नुसत्या टाइलवर निकाल देता येत नाही. कोंबडी उघडली. एरवी द्राक्षांच्या घडासारखं दिसणारं अंडाशय सुरकुतलं होतं, बलकं वेडीवाकडी, हिरवट. नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवला, प्रमाणपत्रावर सही केली नाही.

"मग ही अंडी खायला तरी विकू?"

धुरी दिलेली अंडी? मुळीच नाही.

मालक माल थांबल्याच्या हिशेबात गुंतले होते. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आखातातल्या गिऱ्हाइकाची राखण करायला कागद होता. याच शेडची पिल्लं परसात पाळायला नेणाऱ्यांना कोण कागद देतो? विक्रीची वही मागितली. सत्तरीतली, डिचोलीतली नावं निघाली. तिथेच बसून फोन लावायला घेतले: पिल्लं पांढरी हगतायत का, मागचा भाग चिकटलाय का, मेली किती?

तिसऱ्या फोनवरची बाई म्हणाली, "होय हो, पण आम्हाला वाटलं पावसामुळे."