तुम्ही विचारलंत म्हणून: पळते ती गाडी की पळवतो तो ड्रायव्हर?

कोल्हापुरात, उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. गाडी सोडायला आलेला माणूस भिंतीवरची शर्यतीच्या गाड्यांची चित्रं बघत उभा राहतो, चहा येतो, आणि मग तो विचारतोच, "मिस्त्री, खरं सांगा, पळते ती गाडीच की. ड्रायव्हर काय करतो?" थोडा माहीतगार असेल तर पुढचा प्रश्न येतो, "मग सगळ्यात भारी कोण? ज्यानं जास्त चॅम्पियनशिप जिंकल्या तोच ना?" हातात पाना असताना याचं उत्तर नीट देता येत नाही, ते अर्धवटच राहतं. म्हणून आज बसून लिहितो आहे.

पहिल्या प्रश्नात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. फॉर्म्युला वन म्हणजे शर्यतीच्या गाड्यांची सगळ्यांत वरची मालिका. तिथं प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बांधतो आणि त्या गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. जेन्सन बटनचं बघा. २००८च्या अख्ख्या मोसमात त्याला मिळाले ३ गुण. २००९ला पहिल्या ७ शर्यतींपैकी ६ त्यानं जिंकल्या आणि वर्षाअखेर तो विश्वविजेता झाला. मधल्या हिवाळ्यात झालं काय, तर त्याच्या संघाची मालक होंडा कंपनी, तिनं अंग काढून घेतलं, संघप्रमुख रॉस ब्रॉननं तो संघ आपल्या हातात घेतला, आणि त्यांच्या नव्या गाडीच्या मागच्या बाजूला, डिफ्यूझरमध्ये, हवा खेचून गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणारी अशी एक रचना होती जी सुरुवातीला बहुतेक संघांकडे नव्हती. बटन तोच होता. आदल्या वर्षी तो वाईट चालवत नव्हता आणि त्या वर्षी त्याला पंख फुटले नव्हते.

मग माणूस ओळखायचा कसा? आमच्या गावात हे सांगायला सोपं जातं, कारण इथं कुस्ती सगळ्यांना कळते. मैदानात आधी जोड लावतात. साठ किलोच्या पोराला नव्वद किलोच्या पैलवानासमोर सोडून "कोण पडलं?" असं कुणी विचारत नाही. शर्यतीतही बरोबरीची जोड एकच असते, ती म्हणजे संघातला दुसरा ड्रायव्हर. गाडी तीच, इंजिन तेच, कारखाना एकच. निकाल हातात आला की मी आधी ही जोड शोधतो. जिंकलं कोण ते नंतर बघतो.

आणि जोड सापडली तरी गुणांचा तक्ता फसवतो. २०१९मध्ये विल्यम्स संघाची गाडी सगळ्यांत मागे होती. तिचे दोन ड्रायव्हर होते जॉर्ज रसेल आणि रॉबर्ट कुबित्सा. वर्षाअखेरचा तक्ता सांगतो, कुबित्सा १ गुण, रसेल ०. म्हणजे कुबित्सा सरस? त्या वर्षी २१ शर्यती झाल्या आणि प्रत्येक शर्यतीआधी, एकमेकांशी न लढता नुसती वेगवान फेरी काढायची असते त्या पात्रता फेरीत, रसेल कुबित्साच्या पुढे होता. एकवीसच्या एकवीस वेळा. तो एक गुण आला जर्मनीत, पावसाच्या गोंधळात. शर्यत संपल्यावर अल्फा रोमिओच्या दोन्ही गाड्यांना दंड झाला, खालचे सगळे दोन-दोन जागा वर सरकले, कुबित्सा दहावा झाला आणि त्याच्या मागचा रसेल अकरावा. गुण दहाव्यापर्यंतच मिळतात.

इथे मला कुबित्साबद्दलही बोललंच पाहिजे, नाहीतर तो माझ्या हिशेबातला नुसता आकडा होईल. २००७ला कॅनडात त्याची गाडी भिंतीवर अशी आदळली होती की बघणाऱ्यांनी आशा सोडली. पुढच्याच वर्षी त्याच ट्रॅकवर तो जिंकला. फेब्रुवारी २०११मध्ये इटलीत एका छोट्या रॅलीत लोखंडी कठडा गाडीत घुसला आणि त्याचा उजवा हात जवळजवळ गेलाच. फेरारीशी त्याचं बोलणं पक्कं झालेलं होतं, हे कितीतरी वर्षांनी बाहेर आलं. २०१९ला तो परत आला तो बहुतेक काम डाव्या हातानं करत. पुढे २०२५मध्ये यानंच ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, फेरारीच्याच गाडीत. रसेलनं एकवीस वेळा मागे टाकलेला माणूस कोण होता, हे कळल्याशिवाय ते एकवीस कळत नाहीत.

आता चॅम्पियनशिप मोजण्याचं. स्टर्लिंग मॉस १९५५ ते १९५८ ही चार वर्षं ओळीनं दुसरा आला आणि एकदाही विश्वविजेता झाला नाही. १९५८चा हिशेब सांगतो. त्या वर्षी मॉसनं ४ शर्यती जिंकल्या, माईक हॉथॉर्ननं फक्त १. पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या रस्त्यांवर शर्यत झाली, मॉस पहिला, हॉथॉर्न दुसरा. हॉथॉर्नची गाडी शेवटी बंद पडली होती आणि ती चालू करताना त्यानं ती शर्यतीच्या उलट दिशेला नेली, असा ठपका पंचांनी ठेवला. दुसरा नंबर जाणारच होता. तेव्हा मॉस स्वतःहून पंचांकडे गेला आणि साक्ष दिली की गाडी उलट गेली ती रस्त्यावर नाही, फुटपाथवर गेली. पंचांनी ऐकलं, हॉथॉर्नचे गुण राहिले. मोसमाअखेर हॉथॉर्न ४२, मॉस ४१.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी विशीत होतो आणि मॉसचा राग आला होता. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? आज वाटतं, तो रस्त्यावर जितका स्वच्छ चालवायचा तितकाच तो पंचांसमोर वागला. आणि हॉथॉर्नवरही मला दात नाही. विजेता झाल्यावर त्यानं शर्यत सोडली आणि तीनेक महिन्यांत, जानेवारी १९५९मध्ये, इंग्लंडमधल्या साध्या रस्त्यावर अपघातात तो गेला. नशीब कुणाचं चांगलं होतं म्हणायचं?

न्यूझीलंडच्या ख्रिस एमनबद्दल थोडक्यात सांगतो. १९७१ला इटलीत, मोन्झाच्या ट्रॅकवर तो पुढे होता. हेल्मेटच्या काचेवरचा मळका थर काढायला गेला आणि अख्खी काचच निघून आली. सहावा आला. विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली एकही शर्यत तो कधी जिंकला नाही. पण मोन्झामध्ये पहिला असताना काच निघून येते, म्हणजे काच निघेपर्यंत तो पहिला होता. मी तेवढं धरून चालतो.

आता ६ डिसेंबर २०२०. बहारीन, साखीरचा ट्रॅक. ड्रायव्हरांची गुणवत्ता आणि त्यांचं नशीब यांची एवढी गाठ मी दुसऱ्या कुठल्या दिवशी बघितलेली नाही.

मर्सिडीज संघाचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनला कोरोना झाला होता. मर्सिडीजनं रिकाम्या जागी रसेलला बोलावलं. तोवर विल्यम्सकडून ३६ शर्यती आणि गुण शून्य. गाडी हॅमिल्टनच्या मापाची होती, रसेल उंच. त्यात पाय बसावेत म्हणून त्यानं आपल्या मापापेक्षा लहान बूट घातले. पात्रता फेरीत जोडीदार वाल्टेरी बोटासच्या मागे तो राहिला अवघ्या ०.०२६ सेकंदानं. बोटास त्या संघात चौथं वर्ष काढत होता, रसेलला गाडी मिळून दोन दिवसही झाले नव्हते. माझं त्याच्याबद्दलचं मत तिथंच पक्कं झालं. शर्यत व्हायची बाकी होती.

शर्यत सुरू झाली आणि रसेल पहिल्या वळणाआधीच बोटासच्या पुढे गेला. ८७ फेऱ्यांतल्या साठच्या आसपास फेऱ्या तो राज्य करत होता. मग विल्यम्सची एक गाडी घसरली, तिचं नाक तुटून ट्रॅकवर पडलं. ती गाडी होती जॅक एटकेनची, आणि तो रसेलच्याच जागी त्या दिवशी बसला होता. सगळ्यांचा वेग आवरायला सेफ्टी कार आली. मर्सिडीजनं दोन्ही गाड्या टायर बदलायला एकदम आत घेतल्या. रेडिओ नेमक्या वेळी अडखळला, रसेलच्या टायरची माणसं वेळेत पोहोचली नाहीत आणि त्याच्या गाडीला पुढचे टायर लागले ते बोटासचे. नियमानं प्रत्येक ड्रायव्हरचे टायर ठरलेले असतात. त्याला परत आत यावं लागलं. पाचवा होऊन बाहेर पडला. त्याच बोटासला त्यानं बाहेरच्या बाजूनं ओलांडलं, आणखी दोघांना ओलांडलं, दुसरा झाला, पहिल्याला गाठत होता, आणि मागच्या चाकातली हवा जायला लागली. पुन्हा आत. शेवटी नववा.

मी गॅरेज चालवतो. चुकीचं चाक लावणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे, घाईत असताना माझ्या पोरांकडून नट बदललेले आहेत. म्हणून त्या मेकॅनिकांना मी बोल लावणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

जिंकला कोण? सर्जिओ पेरेझ. पहिल्याच फेरीत त्याला धक्का बसला होता आणि तो सगळ्यांच्या मागे गेला होता. तिथून तो एकेकाला मागे टाकत पुढे आला. १९०वी शर्यत होती त्याची, आणि पहिला विजय. पुढच्या वर्षी त्याला बसायला गाडी नव्हती, कारण त्याच्या संघानं त्याच्या जागी सेबास्टियन फेटेलला घेतलं होतं. या विजयानंतर दोन आठवड्यांच्या आत रेड बुल संघानं त्याला करारबद्ध केलं. लोक म्हणतात रसेलच्या टायरांवर पेरेझचं नशीब उघडलं. मला हे पटत नाही. शेवटच्या जागेवरून वर चढून आला नसता, तर रसेलच्या टायरांचा घोळ होताना पुढे दुसराच कुणी असता.

आणि त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, मोठ्या शर्यतीच्या आधी फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, शर्यत झाली होती. ती जिंकली मुंबईच्या जेहान दारूवालानं. फॉर्म्युला टूमध्ये जिंकणारा पहिला भारतीय. दुसरा आला त्याचाच जोडीदार, जपानचा युकी त्सुनोदा. दोघंही रेड बुलचे शिकाऊ. त्याच महिन्यात त्सुनोदाला फॉर्म्युला वनची जागा मिळाली. जेहानला कधीच मिळाली नाही.

इथं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "बघा, आपल्या पोरावर अन्याय." तुम्हीही बऱ्याच जणांनी हेच विचारलंत. मी जेहानवर मनापासून प्रेम करतो आणि तरी सांगतो, त्या वर्षाची जोड त्सुनोदानं जिंकली होती. एकाच संघात, सारख्या गाडीत, तो मोसमाअखेर तिसरा आला आणि जेहान बारावा. त्यानंतरची दोन वर्षं जेहान सातवा आला. चांगला, वेगवान, पण दार मोडून आत जाण्याइतका नाही. त्सुनोदामागे होंडाचं बळ होतं हेही खरंच, आणि भारतातून तसं बळ उभं राहत नाही हेही खरं.

पण एक वर्ष मागे चला. २०१९ला फॉर्म्युला थ्रीमध्ये, आणखी एक पायरी खाली, प्रेमा संघाच्या तिघांनी पहिल्या तीन जागा घेतल्या. रॉबर्ट श्वार्ट्समन पहिला, मार्कस आर्मस्ट्राँग दुसरा, जेहान तिसरा. त्सुनोदा त्या मोसमात नववा होता. त्या पहिल्या तिघांपैकी एकालाही फॉर्म्युला वनची शर्यत लढायला जागा मिळाली नाही. नवव्याला एका वर्षात मिळाली. प्रेमा संघ तेव्हा गाडी सगळ्यांत चांगली तयार करायचा, नवव्याचा संघ साधा होता. गाडीची पुण्याई वजा करून बघणारं कुणीतरी त्सुनोदाकडे बघत होतं. त्यांनी बरोबर बघितलं असं मला वाटतं, आणि तरीही त्या तिघांसाठी मला वाईट वाटतं. श्वार्ट्समन पुढे २०२५मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० या मोठ्या शर्यतीत पहिल्या जागेवरून सुटला. अंगात काही नसताना तिथं कुणी पहिलं उभं राहत नाही.

नरेन कार्तिकेयनचंही विचारता तुम्ही. २००५ला फॉर्म्युला वनच्या अमेरिकेतल्या शर्यतीत तो चौथा आला, ५ गुण मिळाले, भारतीयानं मिळवलेले तेवढेच. पण त्या दिवशी टायरच्या वादामुळे मिशेलिनचे टायर लावलेल्या सगळ्या गाड्या सुरुवातीलाच आत गेल्या आणि फक्त ६ गाड्या धावल्या. त्याचं कौतुक करायचं तर त्या चौथ्या नंबरासाठी करू नका. त्या काळात, पुढे वाट दाखवणारं कुणी नसताना, कोइम्बतूरकडचा एक पोरगा तिथवर पोहोचला, त्यासाठी करा.

मधे एक वडील आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. आपल्याकडच्या कार्टिंग ट्रॅकवर तो पळतो. "याच्यात आहे का काही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "साहेब, कप मोजू नका. त्याच दिवशी, त्याच मालकाच्या तशाच कार्टमध्ये बसलेल्या दुसऱ्या पोराची वेळ आणा आणि याची आणा. पाऊस पडला असेल त्या दिवशीची तर नक्की आणा." ते म्हणाले, "आणि खर्च?" तो मी सांगितला. युरोपात गेलात तर एका मोसमाला कोटींत. ते बराच वेळ गप्प बसले. पोरगा तेवढ्यात आत जाऊन भिंतीवरचा कागद वाचत होता.

तो कागद साखीरच्या निकालाचा आहे, मी हातानं लिहून लावलेला. पोरानं विचारलं, "काका, नववा आलेल्याच्या नावाखाली रेघ का?" मी त्याला जॉर्ज रसेलची गोष्ट सांगितली. मग त्यानं अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं वेगळ्या शाईत, शर्यत वेगळी असूनही, मी लिहिलेलं आहे: जेहान दारूवाला, पहिला. "हे कोण?" त्यानं विचारलं. मी स्टूल ओढलं आणि त्याला बसायला सांगितलं.