हरतालिकेच्या दिवशीच्या दोन गाड्या

सांगलीत चारचाकीच्या शोरूममध्ये विक्रीचं काम करतो. लोक गाडी बघायला येतात आणि बोलतात सरकारबद्दल. टोल, खड्डे, पेट्रोल, ऊसदर. कोटेशनवर आरटीओचा आकडा दिसला की बोलणं तिकडं वळतंच. मला ते ऐकायला आवडतं, कारण घामाचा पैसा खर्च करताना माणूस मनातलं बोलतो.

२६ ऑगस्ट २०२५, हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत सुधारणा होणार असं जाहीर केलं होतं. गाड्यांचं काय होणार हे ठरलं नव्हतं, पण २८ टक्क्यांचा टप्पा जाणार अशा बातम्या रोज येत होत्या. आम्हाला सूचना होती की हा विषय स्वतःहून काढायचा नाही. यार्डात उभ्या गाड्यांवर बँकेचं व्याज चालू होतं.

सकाळी वाळवा तालुक्यातले एक शेतकरी काका आले. सोबत उपवासाच्या काकू आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा. गाडी बुक होती, उरलेले पैसे भरून चतुर्थीला घरी न्यायची एवढंच बाकी.

मुलाचं सुरू झालं. "पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालतात, ॲव्हरेज पडतं. कशाला घाई करायची?"

काका तडकले. "त्याच इथेनॉलवर कारखाना चाललाय आणि त्याच उसावर तू शिकलास."

दोघांचंही खरं होतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतंच. आणि साखर विकली जाईपर्यंत वाट न बघता कारखान्याच्या हातात पैसा येतो, तोही इथेनॉलमुळेच.

मग मुलानं माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "जीएसटी उतरला तर या गाडीला किती फरक पडेल?"

मी कोरा कागद घेतला. गाडी चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतली, पेट्रोलची. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरायच्या आधीची किंमत, ८ लाख. त्यात २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस, म्हणजे मूळ किंमत ६ लाख २० हजारांच्या आसपास. बाकी १ लाख ८० हजार कर. शिवाय त्या ८ लाखांवर आपल्या राज्याचा रोड टॅक्स ११ टक्के, ८८ हजार. कर १८ टक्क्यांवर आला तर एक्स-शोरूम ७ लाख ३२ हजार होते, आणि रोड टॅक्स त्याच किमतीवर लागत असल्यामुळे तोही साडेसात हजारांनी उतरतो. एकूण पाऊण लाखाचा फरक. गाड्यांना सवलत मिळाली नाही तर काहीच नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

काका गप्प झाले. पाऊण लाख म्हणजे किती टन ऊस, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. काकू म्हणाल्या, "गणपती येतोयच की घरी. गाडी घट बसतील तवा आणूया." बिल फाडायचं थांबलं.

चाळीसेक मिनिटांनी एक प्राथमिक शिक्षक आले. हेच मॉडेल, रंग वेगळा, निम्म्याहून जास्त कर्ज. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "पुढाऱ्यांच्या घोषणा ऐकून थांबत बसलो तर जन्म जाईल. उद्या गाडी द्या." मी "बरोबर आहे गुरुजी" म्हणालो आणि कागदपत्रं पुढे केली. सकाळचा हिशेब ड्रॉवरमध्येच होता. चतुर्थीला हार घालून, नारळ फोडून त्यांच्या हातात किल्ली दिली. त्यांची मुलगी पुढच्या सीटवर बसायचं म्हणून रडत होती.

३ सप्टेंबरच्या रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर, सेस रद्द, २२ सप्टेंबरपासून लागू. २२ सप्टेंबर म्हणजे घटस्थापना. काकूंनी सांगितलेलाच दिवस. पितृपंधरवड्यात शोरूममध्ये चिटपाखरू नव्हतं. त्या सोमवारी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. काकूंनी स्वतः गाडीला हळदकुंकू लावलं.

त्याच आठवड्यात गुरुजी पहिल्या सर्व्हिसिंगला आले. गाडी वर्कशॉपला लावून माझ्या टेबलाशी येऊन बसले. चहा सांगितला. त्यांनी आवाज चढवला नाही.

"त्या दिवशी तुम्हाला अंदाज होता का?"

"होता."

"मग बोलला का नाही?"

तुम्हीच थांबायचं नाही म्हणालात, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण मी ड्रॉवर उघडून तो कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि खरं ते सांगितलं. सकाळी एक गाडी हातची गेली होती, महिन्याचं टार्गेट होतं, आणि तुम्ही विचारलं नाहीत.

त्यांनी आकडे वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. मग खिशातून पेन काढून कागदाच्या मागं आपल्या कर्जाचा हप्ता लिहिला, पाऊण लाखाला त्यानं भागलं आणि उत्तराखाली रेघ ओढली. जवळजवळ सात हप्ते.

"हा नेऊ का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.