कॅज्युअल्टीच्या दाराबाहेरचे वैद्यक

आपत्कालीन वैद्यकशास्त्राला भारतीय वैद्यक परिषदेने स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ साली. त्यामुळे कोल्हापुरात मी या शाखेत काम करते असे सांगितल्यावर "म्हणजे कॅज्युअल्टीत ड्युटी का?" असे आजही विचारले जाते. या कामात मला सर्वांत आधी जाणवले ते हे, की रुग्ण आमच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या जगण्यामरण्याचा बराचसा निर्णय बाहेरच होऊन गेलेला असतो, आणि म्हणून या शाखेच्या डॉक्टरला आरोग्यधोरणापासून लांब राहताच येत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते सर्पदंशाचेच पाहू. उसाच्या फडात काम करताना घोणस चावली, तर तिच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रियाच मोडते. हे ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. कोऱ्या, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिली रक्त घ्यायचे, ती वीस मिनिटे जराही न हलवता ठेवायची आणि मग हळूच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर प्रतिविष लगेच सुरू करायचे. नळी प्लास्टिकची किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही आणि निदान फसते. प्रतिविषाच्या भुकटीत पाणी सोडल्यावर कुपी हातात अलगद फिरवावी लागते, कारण घाईने जोरात हलवली की फेस होतो.

यातले काहीही डोंगरी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशक्य नाही. तरीही पहिली मात्रा न मिळताच कोल्हापूरच्या वाटेला लावलेले रुग्ण मी वारंवार पाहते. तिथल्या तरुण डॉक्टरला दोष देणे मला पटत नाही. प्रतिविषाची रिॲक्शन आली तर अ‍ॅड्रेनलिन भरलेली सिरिंज, सरावलेली परिचारिका आणि फोन उचलणारा वरिष्ठ त्याला हवा असतो, आणि हे तिन्ही पुरवणे हे धोरणाचे काम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आणि २०१९ साली, त्यामुळे होणारे मृत्यू व अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. आपल्या केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ साली आला. त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी, असे राज्यांना कळवले गेले. मला यात नोंद सर्वांत मोलाची वाटते, कारण दंश कुठे आणि किती होतात हेच कागदावर नसेल, तर कोणत्या केंद्राला किती कुप्या द्यायच्या हे ठरवणार कशावरून?

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यात विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे नोंदवली, 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात ती छापून आणली आणि त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला. म्हणूनच, जागतिक आरोग्याच्या क्षेत्रात शिरायचे तर परदेशातला कोणता अभ्यासक्रम घ्यावा असे तरुण डॉक्टर विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी एका पावसाळ्याची वही भरायला सांगते: दंश किती वाजता झाला, रुग्णाला कोणी आणि कशातून आणले, वाटेत तो कुठे थांबला आणि प्रतिविषाची पहिली मात्रा त्याला कोणत्या गावात मिळाली.