बोत्ये, होंत्ये, किंत्ये

फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात एका भेटीला अर्धा तास मिळतो. ॲमस्टरडॅममधल्या एका प्रकाशनसंस्थेत मी परदेशी हक्कांचं काम बघते, म्हणजे आमची पुस्तकं अनुवादासाठी परदेशी प्रकाशकांना विकते. तिकडच्या संपादकांना डच येत नाही, त्यामुळे माझा अहवाल आणि इंग्रजीतला वीस पानांचा नमुना, एवढ्यावरच ते पुस्तक जोखतात. 2020 साली डच लेखक मारिके लुकास रायनेफेल्ड आणि अनुवादक मिशेल हचिसन यांना आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाल्यापासून दारं सहज उघडतात, पण "तसंच आणखी काही आहे का?" हा प्रश्नही पाठोपाठ येतो.

त्या दिवशी माझ्याकडे होती ती अगदी वेगळी कादंबरी होती. नाव सांगत नाही, करार व्हायचे आहेत. झेलंड या डच प्रांतातला, कालव्याचं जलद्वार राखणारा बाप आणि त्याची लेक. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले, नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली, त्यात याची बायकोही. माझा अहवाल त्या पुरापासूनच सुरू होत होता.

मिलानहून आलेल्या संपादिकेने नमुना नीट वाचला होता. म्हणाली, "माणूस फार कोरडा आहे. शेवटी मला रडू यायला हवं होतं, आलं नाही."

मला वाईट वाटलं, कारण मी रडले होते. डच पुस्तक पिशवीत होतं. मी ते काढलं आणि पहिलं पान मोठ्याने वाचायला लागले. बोत्ये, होंत्ये, कोप्ये. हा बाप बोट, कुत्रा, कप, सगळ्यांना 'ये' लावून बोलतो. तो 'ये' म्हणजे लहानपण आणि माया, दोन्ही. आपण छकुली, सोनुली म्हणतो तेव्हा आवाजात जे उतरतं ते. फक्त लेकीला तो कोरडं 'किंत' म्हणतो, म्हणजे मूल. तीनशे पानं तेच. अगदी शेवटच्या पानावर, ती जायला निघते तेव्हा, 'किंत्ये'.

इंग्रजी अनुवादकाची यात चूक नव्हती. प्रत्येक वस्तूमागे 'लिटल' लावलं असतं तर बाप बालिश वाटला असता, म्हणून त्याने ते गाळलं. पण मग शेवटचा शब्दही निसटला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, नमुना मीच तपासला होता.

ती काही क्षण गप्प बसली. मग हलकेच म्हणाली, "बार्का, बार्केत्ता." बोट, बोटुकली. इटालियनमध्ये ही सोय आयतीच आहे! इंग्रजीच्या फेऱ्यात हरवलेलं तिच्या भाषेत जसंच्या तसं परत मिळणार होतं. तिने पुस्तक मागून घेतलं आणि शेवटचं पान बोटाने चाचपत तो शब्द शोधला. मी दाखवला. पुढच्या भेटीचा माणूस टेबलाशी येऊन उभा होता. ती उठता उठता म्हणाली, "डचमधून अनुवाद करणारी एकजण आमच्याकडे आहे. तिला पूर्ण पुस्तक पाठव, इंग्रजी नको."

रात्री हॉटेलवर मी अहवाल पुन्हा उघडला. पूर तिसऱ्या परिच्छेदात नेला. पहिल्या ओळीत लिहिलं: हा माणूस कुत्र्याशीही मायेने बोलतो, फक्त लेकीशी नाही.